चावी खुंटीला कधी टांगावी?



या पानावर आम्ही आजवर लिहिले ते बेण्याबद्दल, खोडव्याबद्दल, आणि घाटाखालच्या उसाला वेळेवर तोड मिळत नाही या आमच्या जुन्या रडगाण्याबद्दल. यावेळचा विषय वेगळा आहे व तो काढताना आम्हांला जरा अवघडल्यासारखे होते आहे, कारण तो आमच्या स्वतःच्या वयाचा आहे. आमचे वय ६८. मालवण तालुक्यात ऊस थोडा, वैभववाडी-कणकवलीकडे जास्त. पण थोडा असला तरी आमचाही ऊस घाट चढतो आणि उसामागून आम्हीही चढतो. अजून स्कूटर चालवतो. निदान गेल्या जानेवारीपर्यंत बेधडक चालवत होतो.

त्या दिवशी उसाच्या बिलातल्या एका वजावटीची चौकशी करायला कारखान्यावर गेलो होतो. वैभववाडीपर्यंत स्कूटर आणि पुढे घाट एस.टी.ने, हा आमचा नेहमीचा क्रम. काम व्हायला चार वाजले, एस.टी. उशिरा मिळाली, आणि वैभववाडीहून स्कूटर सुरू केली तेव्हा दिवस मावळला होता. तळेऱ्याच्या अलीकडे समोरून एक मोटार आली. हल्लीच्या मोटारींना ते पांढरेशुभ्र एलईडी दिवे असतात. मोटार निघून गेली, पण डोळ्यांपुढचा पांढरा ठिपका काही जाईना. तो विरतो न विरतो तोच पुढे काहीतरी काळे आडवे. ऊस उतरवून रिकामी परत निघालेली ट्रॉली टायर बसला म्हणून रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, परावर्तक नाही, नाव म्हणून दोन दगड ठेवलेले. दोन्ही ब्रेक दाबले, स्कूटर घसरली आणि आम्ही कडेच्या चरात. कोपर सोलले, चष्मा फुटला, एवढ्यावर निभावले.

ट्रॅक्टरवरचा पोरगा धावत आला. बीडकडचा असावा. उठवून बसवले, पाणी दिले आणि म्हणाला, "आजोबा, दिसलं नाय का?"

आम्ही त्याच्यावर तोंडसुख घेतले. दिवा कुठे आहे, मालक कोण, नंबर दे, सगळे झाले. पण घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट आठवली. आमच्या पुढे विसेक कदमांवर एक कॉलेजचा मुलगा मोटारसायकलवर होता. त्याच्याही डोळ्यांत तोच उजेड गेला होता, त्याच्याही पुढे तीच ट्रॉली होती. तो सहज वळसा घालून निघून गेला. म्हणजे ट्रॉलीचा दोष खरा, पण सगळा दोष ट्रॉलीचा नव्हे. पोराने विचारलेला प्रश्न रास्त होता.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आम्हांला वाटले होते, दिसते की चांगले! पेपर वाचतो, सातबारा वाचतो, माडावरचा काढायला आलेला नारळ ओळखतो. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते सभासदांपर्यंत पोचवणे आम्ही आमचे काम समजतो. वीस वर्षांच्या माणसाच्या डोळ्यात जेवढा उजेड आतल्या पडद्यापर्यंत पोहोचतो, त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट होते. दुपारच्या उन्हात याने काही बिघडत नाही, कारण उजेड मुबलक असतो. बिघडते ते तिन्हीसांजेला. त्यात मोतीबिंदू असला की समोरचा दिवा डोळ्यात शिरून आत पसरतो, धुक्यात टॉर्च मारावी तसा. आणि दिवा गेल्यावर डोळा पुन्हा अंधाराला सरावायला तरण्या माणसापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतो. काचबिंदू तर याहून लबाड. तो समोरची नजर शाबूत ठेवतो आणि दोन्ही कडांनी हळूहळू कुरतडतो. माणसाला कळतही नाही. बाजूच्या पाणंदीतून येणारे पोर एकदम समोर 'उगवले' असे तो सांगतो. पोर उगवलेले नसते, ते येतच असते.

एप्रिलमध्ये उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा घराची भिंत पाहिली आणि चकित झालो. उजव्या डोळ्याने भिंत पांढरी, डाव्याने पिवळट. दोन वर्षांपूर्वी रंगाऱ्याशी आम्ही रंगावरून भांडलो होतो, त्याची आता मनातल्या मनात माफी मागितली.

आता थोडा हिशोब. आपण सभासद मंडळी काट्यावर दहा किलोसाठी भांडणारी, तेव्हा हिशोब पटेल. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. हा वेग काही फार नव्हे, आपण सगळेच याला 'सावकाश' म्हणतो. पुढे अडथळा दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत तरण्या माणसाला एक सेकंद लागला असे धरू. म्हणजे ११ मीटर गेले. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला साधारण १२ मीटर. एकूण २३. आमच्या वयाला तो एक सेकंद दीड होतो. दीड सेकंदात साडेसोळा मीटर, वर ब्रेकचे १२, एकूण साडेअठ्ठावीस. म्हणजे पंचवीस मीटरवर ट्रॉली दिसली तर पोरगा दोन मीटर अलीकडे थांबतो आणि आजोबा ट्रॉलीत जातात. अर्ध्या सेकंदाचा खेळ आहे. आणि हे झाले दिसल्यानंतरचे. दिसायलाच उशीर झाला तर त्याचा हिशोब वेगळा मांडायला नको.

हे पंचवीस मीटर आम्ही उगाच घेतलेले नाहीत. परवान्याच्या अर्जासोबत जो स्वतःच्या प्रकृतीचा खुलासा लिहून द्यावा लागतो, त्यात पहिल्या काही प्रश्नांतच विचारलेले असते की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट तुम्हांला वाचता येते का. आपण सगळ्यांनी तिथे 'होय' लिहिलेले आहे. किती जणांनी खरोखर पंचवीस मीटर मोजून वाचून पाहिले? आम्ही नव्हते पाहिले. अंगणात उभे राहून फाटकाबाहेरच्या गाडीवर आता पाहिले, डावा डोळा एकटा नापास झाला. आणि प्रश्न 'चांगल्या उजेडात' एवढाच आहे, हेही ध्यानात घ्यावे.

कायदा काय म्हणतो तेही सांगून टाकू. २०१९ च्या दुरुस्तीनंतर खासगी वाहनाचा परवाना पंचावन्नीनंतर दर ५ वर्षांनी नवा करावा लागतो. चाळिशीनंतर त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. कागदावर व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात आमचा मागचा दाखला ज्यांनी दिला त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलेही नव्हते. नाव, वय, शिक्का, झाले. त्यांना तरी काय बोल लावायचा, आम्हांलाही तेच हवे होते. आणि कित्येकांचे परवाने तर मुदत संपून घरच्या ट्रंकेत पडले आहेत. मुदत संपून एक वर्षाच्या वर गेले तर पुन्हा चालवण्याची चाचणी द्यावी लागते. त्या भीतीने माणूस जातच नाही आणि तसाच चालवतो. अशा वेळी कोणाला धक्का लागला तर विमा कंपनी भरपाई भरून ती मालकाकडून वसूल करू शकते. ती वसुली उसाच्या बिलातून भागणारी नसते हे सांगायला नको.

"अनुभव आहे की आमच्याकडे," असे यावर हमखास ऐकू येते. घाटावरच्या सभासदाच्या बाबतीत हे काही अंशी खरे आहे. तो तरुणपणापासून ट्रॅक्टर, जीप, बुलेट चालवत आला. पण आमच्या किनाऱ्याची गोष्ट निराळी. आमची उमर मुंबईत गेली. गिरणीत, गोदीत, बेस्टमध्ये, कोणाची सचिवालयाच्या कचेरीत. तिथे लोकल होती, बस होती, गाडी कशाला शिकतोय कोण! माणूस निवृत्त होऊन गावी येतो, गावात सकाळ-संध्याकाळची एस.टी., आणि मग बासष्टाव्या-त्रेसष्टाव्या वर्षी गिअर नसलेली स्कूटर शिकतो. आमच्या वाडीतल्या एका गृहस्थांना विचारले, गाडी कधी घेतलीत? म्हणाले, "झिलान चवथीक घेऊन दिल्यान." मुलाने मायेपोटीच दिली, बाबांना बाजारहाट सोपा जावा म्हणून. आम्ही त्यांना डोळ्यांचे सांगायला गेलो तर म्हणाले, "रस्तो माका पाठ आसा, डोळे मिटान जाईन."

आतून वहिनींचा आवाज आला, "डोळे मिटानच चलवतास तुम्ही! मागे बसान रामाचा नाव माका घेऊचा लागता."

आम्ही हसलो, पण त्या वाक्यात फार मोठी गोष्ट आहे. चालवायचे की नाही हे आजोबा ठरवतात. मागे एका बाजूला पाय सोडून, डोक्यावर हेल्मेट नसताना, पिशवी सांभाळत बसणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही. पडले तर जास्त लागते तिलाच. साठीतले हाड तरण्या हाडासारखे जुळत नाही. खुब्याचे हाड मोडून अंथरूण धरलेल्या दोन-तीन बायका प्रत्येक गावात निघतील, त्यांतली एखादी नक्की स्कूटरवरून पडलेली असेल.

आता कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांच्या मागे काय लागलात, रस्त्यावर मरतात ते तरणे. अगदी बरोबर. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, त्यांतली जवळजवळ दोन-तृतीयांश १८ ते ४५ वयाची होती. डिसेंबरात तारकर्ली-देवबागच्या अरुंद रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या कशा धावतात ते आम्ही रोज पाहतो. ती काही म्हाताऱ्यांची करणी नव्हे. तरण्याचा अपघात वेगाचा, दारूचा, मस्तीचा असतो. म्हाताऱ्याचा तसा नसतो. म्हातारा सावकाश जातो, दारू पिऊन सहसा जात नाही. त्याचा अपघात होतो तो वळताना, गावच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना. समोरून येणारी गाडी किती लांब आहे हे त्याला दिसते, पण ती किती वेगाने येते आहे याचा अंदाज चुकतो. मान पूर्ण वळत नाही, म्हणून मागचे अर्धेच पाहतो.

आपल्या जिल्ह्यात हे आता जास्त जाणवते. खारेपाटणपासून झारापपर्यंत महामार्ग चौपदरी झाला. जुना सतरा नंबरचा रस्ता आमच्या ओळखीचा होता. तो वळणांचा होता, त्यावर गाड्याच मुळी फार जोरात येऊ शकत नसत. नव्या ६६ नंबरच्या रस्त्यावर मोटार शंभराने येते, आणि आमचा माणूस जुन्याच अंदाजाने, 'लांब आहे अजून' म्हणत, दुभाजकाच्या मोकळीतून स्कूटर घालतो. नाहीतर लांबचा फेरा वाचवायला कडेकडेने उलट्या दिशेने येतो. कसालला, ओरोसला, कुडाळला उभे राहून अर्धा तास पाहा, सगळ्या वयाचे दिसतील, पण पांढऱ्या केसांचे जास्त.

याला थोरामोठ्यांचाही अपवाद नाही. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांचे यजमान प्रिन्स फिलिप ९७ व्या वर्षीही स्वतः मोटार चालवत. जानेवारी २०१९ मध्ये सँड्रिंगहॅमजवळ बाजूच्या रस्त्याने मोठ्या रस्त्यावर येताना त्यांची दुसऱ्या मोटारीशी टक्कर झाली, त्यांची गाडी उलटली, समोरच्या मोटारीतल्या एका बाईचे मनगट मोडले. सूर्य डोळ्यांवर आला म्हणून गाडी दिसली नाही, असे त्यांनी तिला पत्रात कळवले आणि क्षमा मागितली. पुढच्याच महिन्यात परवाना परत केला. आम्हांला ती बातमी तेव्हा गमतीची वाटली होती. तळेऱ्याच्या चरात बसल्यावर ती पुन्हा आठवली.

त्याच साली एप्रिलमध्ये जपानात, तोकियो शहरातल्या इकेबुकुरो भागात, ८७ वर्षांच्या एका गृहस्थांच्या मोटारीखाली तीन वर्षांची मुलगी आणि तिची आई गेली. त्यांनी ब्रेक समजून वेगाचे पेडल दाबले होते. त्या वर्षी जपानात सुमारे ६ लाख लोकांनी आपण होऊन परवाने परत केले. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या ज्या चालकांच्या नावावर ठरावीक गुन्हे असतील त्यांना परवाना नवा करताना गाडी चालवून दाखवावी लागते. पण आम्हांला महत्त्वाचे वाटले ते पुढचे. परवाना परत करणाऱ्याला तिथे एक ओळखपत्र मिळते, आणि ते दाखवले की पुष्कळ ठिकाणी बसच्या, टॅक्सीच्या भाड्यात सवलत असते. म्हणजे म्हाताऱ्याची गाडी काढून घ्यायची तर त्याच्या हातात दुसरे काहीतरी द्यावे लागते, हे त्यांना कळले.

आपल्याकडे नेमके इथेच अडते. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. बहुतेक ठिकाणी माणसे वाढली, आपली कमी झाली, कारण पोरे मुंबईत. घरात उरले आजोबा-आजी. बँकेत कोण जाणार? औषध कोण आणणार? ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात कोण नेणार? चावी खुंटीला टांगा असे मुंबईहून फोनवर सांगणे सोपे आहे. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. फुकट आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण तिकीट फुकट असून काय उपयोग, वाडीपर्यंत गाडी येतेच कुठे, आणि येते ती परत फिरते कधी?

म्हणून 'साठ झाली, गाडी सोडा' असे आमचे म्हणणे मुळीच नाही. एस.टी.चा ड्रायव्हर ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, पण खांद्यावर पन्नास माणसांचा भार असलेल्या माणसाचा नियम बाजारात नारळ घेऊन जाणाऱ्याला लावू नये. एकाचे डोळे पंचावन्नला जातात, दुसरा अठ्ठ्याहत्तरला सुईत दोरा ओवतो. आकड्याने ठरवू नये. ठरवायचे ते वेळेने आणि रस्त्याने. सकाळी दहा ते संध्याकाळी चार, उघडीप असताना, गावच्या ओळखीच्या रस्त्यावर, इथे बहुतेकांना अडचण नाही. दिवस मावळल्यावर नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस कोसळत असताना नाही. करूळ आणि भुईबावडा घाटात धुके असताना तर अजिबात नाही. साखरेसाठी इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी निघू नये. रस्त्यात साखर उतरली की ब्रेक कुठे आहे हेच सुचत नाही. सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही गुंगी येते, डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या दिवशी गाडीला हात लावू नये.

आणि आता कारखान्याकडे वळतो, कारण हा मजकूर कारखान्याच्या पत्रकात छापायचा आहे आणि अध्यक्ष महाशय तो वाचतील अशी आशा आहे.

ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तरीही हंगामात दिवसाआड एक काळी ट्रॉली रस्त्यात उभी दिसते. ही ट्रॉली कोणाची? वाहतूक करारावर सही करणाऱ्याची. म्हणजे बहुधा आपल्यातल्याच एखाद्या सभासदाची, किंवा त्याच्या मेहुण्याची. ज्या ट्रॉलीला मागे परावर्तक आणि चालू दिवा नाही तिला काट्यावर घ्यायचे नाही, एवढा एक नियम शेतकी विभागाने पहिल्या आठवड्यापासून पाळला तर दुसऱ्या आठवड्यात सगळ्या ट्रॉल्यांना दिवे लागलेले दिसतील. काटा बंद झाल्याइतके दुसरे कशाचेच भय आपल्याला नाही. दोन-चारशे रुपयांचे काम आहे.

दुसरे, सर्वसाधारण सभा सप्टेंबरात असते, भर पावसात. सभा दुपारी एकला बोलावतात, सुरू होते दोनला, आभारप्रदर्शनापर्यंत साडेपाच वाजतात, आणि मग घाटाखालचे आम्ही म्हातारे अंधारात, धुक्यात, पावसात घाट उतरतो. सभा सकाळी दहाला ठेवण्यात कोणते नुकसान आहे? भाषणे थोडी आखूड होतील, तेवढेच. बिलाच्या, ठेवींच्या, वजावटीच्या चौकशीसाठी घाटाखालच्या गट कचेरीत आठवड्यातून एक दिवस हिशोबनीस बसला, तर आमच्यासारखे कितीतरी जण घाट चढणारच नाहीत.

तिसरे, गळीत सुरू होण्यापूर्वी गटागटांत डोळे तपासून घ्यावेत. यात ट्रॅक्टरचालकही आले, बैलगाडीवालेही आले, आणि वजावटीवरून भांडायला येणारे सभासदही आले. मोतीबिंदूचे ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होते; अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. लागते ते फक्त कोणीतरी धरून नेणारे.

मुंबईच्या मुलांनाही एक विनंती. चतुर्थीला याल तेव्हा बाबांच्या मागे बसून एकदा बाजारापर्यंत जा. काही बोलू नका, नुसते बसा. आणि आल्यावर आईला वेगळे विचारा. बाबांशी भांडून चावी काढून घेतलीत तर ते दुसरी चावी करून घेतील. आम्ही आमच्या वडिलांची सायकल लपवली होती तेव्हा त्यांनी शेजाऱ्याची नेली होती. त्यापेक्षा वाडीतल्या एखाद्या रिक्षावाल्याशी महिन्याचे ठरवून द्या. चार जणांनी मिळून दिले तर भारही पडणार नाही.

आमच्या डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत स्कूटर सकाळी बाजारापुरती, आणि एकट्यानेच, सौभाग्यवती एस.टी.ने येतात. सर्वसाधारण सभेला वैभववाडीच्या गाडीने येणार आहोत. परतीची शेवटची एस.टी. सभा संपण्याआधी सुटते असे कळले, तेव्हा आभारप्रदर्शनाच्या आधी आम्ही उठून गेलो तर संचालक मंडळाने गैरसमज करून घेऊ नये.